दप्तरातली चिठ्ठी : शाळेतील आरोग्य तपासणी, खेळाचा तास आणि वाचन



वस्तीत गेलो की आया आम्हाला हमखास एक गोष्ट सांगतात. "पोरगं वाचतच नाही हो. पुस्तक हातात धरलं की जांभया सुरू." मग लगेच प्रश्न येतो, "बुद्धी वाढवायचं एखादं टॉनिक आहे का?" असे टॉनिक बाजारात मिळते, पण त्याने बुद्धी वाढत नाही, पैसे मात्र जातात. मूल का वाचत नाही याला कारणे असतात. त्यातली बरीच कारणे मुलाच्या डोक्यात नसून डोळ्यांत, कानांत, रक्तात आणि पोटात असतात. ती शोधण्याची व्यवस्था आपल्या महापालिकेच्या, नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आहे. पण तिथून घरापर्यंत येता येता ती अर्ध्या वाटेत हरवते.

एक उदाहरण सांगतो. आमच्या माहितीतल्या एका वस्तीत चौथीत शिकणारी एक मुलगी होती. उंच असल्यामुळे तिला मागच्या बाकावर बसवलेले. फळ्यावरचे तिला दिसायचे नाही, म्हणून ती शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. बाई म्हणायच्या, हिचे लक्ष नाही. मुले तिला 'ढ' म्हणू लागली. आई चार घरची धुणीभांडी करणारी. तिने पोटाला चिमटा काढून शिकवणी लावली, तरी फरक पडेना. दिवाळीच्या सुट्टीत आईने दप्तर धुवायला काढले, तेव्हा तळाशी एक चुरगळलेली चिठ्ठी सापडली. शाळेत डॉक्टरांचे पथक येऊन गेले होते. त्या चिठ्ठीवर लिहिले होते की मुलीची नजर कमी आहे, पुढील तपासणीसाठी पाठवावे. चिठ्ठीला तीन महिने होऊन गेले होते.

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, चष्मा मिळाला. घरी येताना मुलगी विहारासमोर थांबली आणि म्हणाली, "आई, पिंपळाची पानं सुटी सुटी दिसतात गं!" दहा वर्षांच्या मुलीने ती पाने पहिल्यांदाच नीट पाहिली होती.

पण चष्मा लागला म्हणून दुसऱ्या दिवशी वाचता आले नाही. पहिली ते चौथी फळाच दिसला नव्हता, त्यामुळे वाचनाचा पाया कच्चा राहिला होता. तो नव्याने घालावा लागला. म्हणून या लेखात आम्ही तपासणी, आहार, खेळ आणि वाचन या चारही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. मुलाच्या शरीरात त्या वेगवेगळ्या नसतातच.

हे उपकार नव्हेत, हक्क आहे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांना त्या काळी वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. म्हणजे शाळेत नाव लागले, पण शरीर मात्र बाहेरच ठेवले गेले होते. तहानलेल्या मुलाने शिकायचे कसे, हा प्रश्न आपल्या समाजाने भोगलेला आहे. त्यामुळे शाळेतले पाणी, जेवण, तपासणी आणि मैदान या गोष्टी आपल्याला किरकोळ वाटता कामा नयेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, एवढेच त्यात नाही. शाळेला मैदान हवे, खेळाचे साहित्य हवे, पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत, वर्तमानपत्रे व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असेही त्यात आहे. याच कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला बंदी आहे. वर्गासमोर मुलाला 'ढ' म्हणून हिणवणे हाही छळच आहे.

डॉक्टरांचे पथक शाळेत येते तेव्हा

फेब्रुवारी २०१३ मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याची देशातली सुरुवात आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे झाली. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा पथक यावे, असा नियम आहे. पथकात दोन डॉक्टर (एक स्त्री, एक पुरुष), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. काही महानगरपालिकांची स्वतःची शालेय आरोग्य पथकेही आहेत.

पथक चार प्रकारच्या गोष्टी पाहते: जन्मतः असलेले व्यंग, जीवनसत्त्वे व रक्ताची कमतरता, लहानपणीचे आजार, आणि वाढीतला उशीर किंवा अपंगत्व. हृदयाला असलेले छिद्र, फाटलेला ओठ, तिरळेपणा, कमी नजर, कान वाहणे, कमी ऐकू येणे, किडलेले दात, त्वचारोग, दमा, फिट येणे हे सगळे यात मोडते. काही आढळले तर मुलाला पुढे पाठवतात. आधी जवळचा दवाखाना, मग उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाचे उपचार मोफत होतात. गरज पडल्यास शस्त्रक्रियाही मोफत होते.

घोटाळा होतो तो पुढे पाठवण्याच्या टप्प्यावर. एका दिवसात शेकडो मुले तपासायची, म्हणून तपासणी घाईत होते. चिठ्ठी मुलाच्या हातात दिली जाते. मूल ती दप्तरात कोंबते. आई-वडील दोघेही कामावर. मिळालीच, तर रुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, मग 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणत वर्ष सरते. पुढच्या वर्षी पथक पुन्हा तीच चिठ्ठी लिहून देते.

यावर उपाय साधा आहे. पथक कधी येणार आहे ते शाळेत विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाची शाळा बुडू देऊ नका. संध्याकाळी दप्तर स्वतः उघडून पाहा. चिठ्ठी असेल तर ती जपून ठेवा. ती हरवली तरी घाबरू नका, मुलाची नोंद शाळेत असते, वर्गशिक्षकांना विचारा. एकाच वस्तीतल्या चार-पाच मुलांना चिठ्ठ्या मिळाल्या असतील तर चार-पाच घरांची मजुरी बुडवण्याची गरज नाही. मंडळातल्या कोणीतरी एकीने सगळ्यांना एकत्र घेऊन जावे. आशाताईंनाही सांगा, रुग्णालयात कुठे जायचे हे त्यांना ठाऊक असते.

डोळे आणि कान : घरात कसे ओळखाल

मुलाला कमी दिसते हे मूल स्वतः सांगत नाही. जग सगळ्यांना असेच धूसर दिसते, अशी त्याची समजूत असते. आपणच लक्ष ठेवायचे. पुढील खुणा पाहा.

• मूल पुस्तक नाकाजवळ धरते किंवा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते.
• लांबचे पाहताना डोळे बारीक करते, मान वाकडी करते.
• शाळेतून आले की कपाळ दुखते म्हणते, डोळे चोळते.
• फळ्यावरचे उतरवताना चुकते, पण तोंडी विचारले की बरोबर सांगते.
• अंधार पडू लागला की ठेचकाळते.
• एक डोळा आत किंवा बाहेर वळलेला दिसतो.

आणखी एक सोपी पारख आहे. रस्त्यावर उभे राहून मुलाचा एक डोळा हलक्या हाताने झाका आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाकून तेच करा. वाचता येत नसलेल्या लहान मुलाला पाटीवरचे चित्र किंवा रंग विचारा. दोन डोळ्यांत फरक जाणवला, किंवा तुम्हाला दिसते ते मुलाला दिसत नसेल, तर डोळ्यांची तपासणी करून घ्या. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मे मोफत मिळतात.

तिरळेपणाला 'भाग्याचा डोळा' म्हणून सोडून देऊ नका. एका डोळ्याने नीट दिसत नसेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर फायदा जास्त होतो. पुढे ते अवघड होत जाते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हाही गैरसमज आहे. वाढत्या वयात नंबर वाढायचा तो वाढतोच, चष्मा नसला तर मुलाला फक्त दिसत नाही. आणि मुलीला चष्मा लागला तर लग्न कसे होणार, ही चिंता करणाऱ्या घरांना आम्ही एवढेच म्हणू, की शाळा अर्धवट सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

कानाचेही तसेच. मूल हाक मारल्यावर ओ देत नाही, 'काय?' म्हणून पुन्हा पुन्हा विचारते, शब्द चुकीचे उच्चारते, तर ते उद्धट आहे असे धरून चालू नका. कान वाहत असेल तर त्यात तेल, लसणाचा रस, काडी काहीही घालू नका. कान कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जुना वाहणारा कान ऐकण्याची शक्ती खातो, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट वाचताही येत नाही, कारण वाचायला शिकणे म्हणजे ऐकलेल्या आवाजाला अक्षराशी जोडणे.

रक्त, जंत आणि ताट

आळवी नगरातली एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. एक गरीब शेतकरी तथागतांचे प्रवचन ऐकायला निघाला, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो दमून, उपाशीपोटी उशिरा पोहोचला. तथागत तोवर थांबून राहिले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला द्यायला लावले आणि मगच उपदेश केला. भुकेल्या माणसाच्या कानात धम्मही शिरत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांचे आपण अनुयायी आहोत. मग भुकेल्या मुलाच्या डोक्यात धडा कसा शिरणार?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालील १०० पैकी ६७ मुलांच्या आणि १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. रक्त कमी असले की अंगभर प्राणवायू पुरत नाही. मूल लवकर दमते, चिडचिडे होते, वर्गात पेंगते. यालाच आपण आळशीपणा म्हणतो.

शाळेतून मिळणाऱ्या तीन गोष्टी याच्यासाठीच आहेत.

पहिली, लोहाची गोळी. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी, आठवड्यातून एक. ती जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी नाही. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. थोडी मळमळ झाली तर जेवणानंतर काही वेळाने पाण्याबरोबर घ्यायला सांगा. गोळी घेताना किंवा जेवणाबरोबर चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले अंगी लागते.

दुसरी, जंताची गोळी. साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यात शाळेत व अंगणवाडीत सर्व मुलांना ती दिली जाते. ती चावून खायची. त्या दिवशी मूल तापाने आजारी असेल तर देऊ नये, नंतरच्या राहिलेल्यांच्या दिवशी द्यावी. जंत पोटातले अन्न आणि रक्त खातात. अनवाणी चालणे, न धुतलेले हात आणि उघड्यावरचे शौच यांतून ते परत परत येतात, म्हणून चप्पल आणि साबणही गोळीइतकेच महत्त्वाचे.

तिसरी, शालेय पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी हे प्रमाण ठरलेले आहे. आमटी नुसती पिवळे पाणी असेल, तर ते प्रमाण पाळले जात नाही असे समजा. आणखी एक गोष्ट. जेवताना आपल्या मुलांची पंगत वेगळी बसते का, वाढणारी ताई ताटाला हात लागू नये म्हणून वरून टाकते का, हे मुलांना प्रेमाने विचारा. मुले अशा गोष्टी घरी सांगत नाहीत, फक्त 'मला शाळेतलं जेवण आवडत नाही' एवढेच म्हणतात. असे कुठे घडत असेल तर ते सहन करायचे नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या.

घरात महागडी पावडर आणण्यापेक्षा अंडे, सुकट, जवळा, कलेजी, मेथी, शेवगा, हरभरे, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळणे हे अधिक उपयोगी. मुलगा आणि मुलगी यांच्या ताटात फरक नको. बिस्किट-चहावर मुलाला शाळेत पाठवू नका. रात्रीची भाकरी आणि चटणी-शेंगदाणेसुद्धा त्यापेक्षा चांगले.

विदर्भातील वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. सिकलसेल हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही बऱ्यापैकी आढळतो. मुलाचे हातपाय आणि सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे दिसतात, सारखा ताप येतो, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, असे असेल तर सिकलसेलची रक्ततपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. अशा मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. तो आजार कोणाच्या पापामुळे किंवा करणीमुळे होत नाही, आई-वडील दोघांकडून आलेल्या रक्तातल्या दोषामुळे होतो. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

खेळाचा तास कुठे गेला?

वेळापत्रकात आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास असतो. पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, मैदानावर मांडव पडला की तो वर्गातच बसून संपतो, आणि ज्या मुलाने गृहपाठ केला नाही त्याला शिक्षा म्हणून खेळायला सोडले जात नाही. पालकही म्हणतात, खेळून काय पोट भरणार आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. हाडे आणि स्नायू बळकट करणारे उड्या, धावणे, चढणे असे खेळ आठवड्यातून किमान तीन दिवस असावेत. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मूल हे करू शकत नाही. मोठ्या सोसायटीतल्या मुलाला बाग असते, क्लब असतो. आपल्या मुलाला शाळेचे मैदान हेच एकमेव मैदान असते. त्यामुळे तो तास बुडाला की आपल्या मुलाचे नुकसान इतरांपेक्षा जास्त होते.

खेळाचा वाचनाशीही संबंध आहे. दिवसाच्या उजेडात मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचे कमी दिसण्याचे प्रमाण कमी राहते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास मोबाईल पाहणाऱ्या मुलाला ते संरक्षण मिळत नाही. शिवाय धावून आलेले मूल रात्री नीट झोपते, आणि नीट झोपलेले मूल सकाळी वर्गात जागे असते. मैदान लहान असेल तरी लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, कबड्डी याला फारसे साहित्य लागत नाही.

मुली सातवी-आठवीत गेल्या की त्या मैदानाच्या कडेला बसू लागतात. कधी पाळी असते, कधी गणवेश तोकडा झालेला असतो, कधी घरूनच सांगितलेले असते. पाळीत खेळल्याने काही अपाय होत नाही, उलट हालचालीने दुखणे कमी होते. फार दुखत असेल, रक्तस्राव फार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पण त्यासाठी शाळेत पाण्याची सोय असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह लागते. ते नसेल तर मुलीने कडेला बसणे ही तिची लाज नव्हे, शाळेची उणीव आहे.

दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारून खेळू द्यावे, त्याचा पंप दप्तरात हवा. हृदयविकार किंवा सिकलसेल असलेल्या मुलाबद्दल खेळाच्या सरांना आधी लेखी कळवा. सिकलसेलच्या मुलाला दमेपर्यंत पळवू नये, मध्ये मध्ये पाणी आणि विश्रांती द्यावी. तो कामचुकार नसतो.

वाचन : पायरी चुकली तर मागे जा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोळे तपासले, रक्त वाढले, तरी मूल वाचत नसेल तर? तर त्याची एखादी पायरी राहून गेली आहे.

'असर' या ग्रामीण सर्वेक्षणात २०२४ साली देशभरातल्या तिसरीच्या १०० पैकी साधारण २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे हा दोष एकट्या तुमच्या मुलाचा नाही. सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, त्यात प्रत्येक इयत्तेसाठी वाचनाची मोजता येईल अशी पातळी ठरवली आहे. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, आणि तेही समजून.

हे घरी पाहता येते. मुलाने आधी न वाचलेला सोपा उतारा घ्या, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि मोठ्याने वाचू द्या. मग शब्द मोजा, आणि 'यात काय झालं?' म्हणून विचारा. मूल अडले तर रागावू नका. उतारा जमत नसेल तर एक वाक्य द्या, वाक्य जमत नसेल तर शब्द, शब्द जमत नसेल तर अक्षरे. जिथे त्याला सहज जमते तिथून पुन्हा सुरुवात करा. पाचवीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक द्यायला लाज वाटू देऊ नका. इमारतीचा खालचा मजला राहिला असेल तर वरचा बांधता येत नाही.

आई-वडिलांना वाचता येत नसले तरी काही अडत नाही. रोज स्वयंपाक करताना मुलाला शेजारी बसवा आणि पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका आणि विचारा, "मग पुढं काय झालं?" ऐकणारे माणूस असले की मूल वाचते. वाचायला गोष्टीची पुस्तके नसतील तर रेशनकार्ड, तेलाच्या पिशवीवरची अक्षरे, विहारातला फलक, लग्नपत्रिका सगळे चालते. टीव्ही तेवढी पंधरा मिनिटे बंद हवा.

मन लावून प्रयत्न करूनही अक्षरे उलटसुलट दिसणे, शब्द गाळणे हे वर्षभर चालूच राहिले, तर वाचन-अक्षमतेची तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्यावी. अशी मुले बुद्धीने कमी नसतात. त्यांना शिकवण्याची पद्धत वेगळी लागते.

शाळेत जाऊन काय विचारायचे?

प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे, असे कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी आपल्या ताईंचे नाव समितीत असते, पण सही करण्यापुरतेच. पुढच्या बैठकीत हे प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून घ्या.

१. या वर्षी आरोग्य पथक कोणत्या तारखेला आले? किती मुलांना पुढे पाठवले? त्यातली किती मुले प्रत्यक्ष रुग्णालयात जाऊन आली?
२. चिठ्ठी मुलाच्या हाती न देता पालकांना फोन करून सांगता येईल का?
३. ज्यांची नजर कमी आहे त्यांना पुढच्या बाकावर बसवले आहे का?
४. लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या नियमित येतात का?
५. खेळाचा तास आठवड्यातून किती वेळा होतो? शिक्षा म्हणून तो बंद केला जातो का?
६. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठी दरवर्षी प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. आपल्या शाळेला किती आले आणि त्यातून काय घेतले?
७. ग्रंथालयासाठीही ५,००० रुपयांपासून पुढे अनुदान असते. पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात? मुलांना ती घरी नेऊ देतात का?

भांडणाच्या सुरात विचारण्याची गरज नाही. पुष्कळ शिक्षक मनापासून काम करतात आणि पालक विचारायला आले की त्यांनाही बळ येते. पण 'पुढच्या वेळी बघू' असे दोनदा ऐकायला मिळाले तर तिसऱ्यांदा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

विहारात काय करता येईल?

वर्षावासात आपल्या बहुतेक विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यातला रोजचा एक परिच्छेद चौथीच्या पुढच्या मुलांकडून वाचून घ्या. अडखळले तरी हसू नका. ज्या मुलीचा गोष्टीत उल्लेख केला, तिने असेच वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन ओळी वाचताना ती घामाघूम झाली. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत ती रोज बसली. शेवटच्या दिवशी तिने पूर्ण पान वाचले, आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या तिच्या आईने ते ऐकले.

रविवारी वंदना झाली की विहारासमोरच्या मोकळ्या जागेत तासभर मुलामुलींचा खेळ आणि त्यानंतर अर्धा तास वाचन, एवढे कोणत्याही महिला मंडळाला जमण्यासारखे आहे. त्याला वर्गणी लागत नाही. पुस्तकांसाठी जयंतीच्या खर्चातून ध्वनिक्षेपकाच्या एका दिवसाचे भाडे वाचवले तरी पुरते.

आणि आज रात्री, हे पान वाचून झाले की एक काम करा. मुलाचे दप्तर घ्या, सगळे कप्पे उघडा आणि तळापर्यंत हात घालून पाहा.

नमो बुद्धाय, जय भीम!